सेव्ह केलं होतं हो!

कंट्रोल-एस दाबायची मला सवय नाही, व्यसन आहे. आलेख झाला की दाबतो, जांभई आली की दाबतो, काहीच केलं नसेल तरी दाबतो. म्हणून साहेबांचा फोन आला, "अहो, तुमच्या डॅशबोर्डात (म्हणजे आलेखांच्या त्या पानावर) काहीच दिसत नाही," तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "सर, सेव्ह केलं होतं हो!"

केलं होतंच. पण मी डॅशबोर्ड ज्यात बनवतो त्या सॉफ्टवेअरच्या साध्या वर्कबुकात (म्हणजे फाइलमध्ये) रंग, फिल्टर, सूत्रं सगळं जपलेलं असतं, डेटा तेवढा नसतो. डेटाचा नुसता पत्ता असतो. माझ्या डेटाचा पत्ता होता माझ्याच लॅपटॉपवरचं 'नवीन फोल्डर (३)'. साहेबांच्या लॅपटॉपने बिचाऱ्याने तो स्वतःच्या पोटात शोधला.

डेटासकट गाठोडं बांधून सेव्ह करायचा पर्याय त्याच मेन्यूत होता. दोन वर्षांचा शेजार, पण ओळख नव्हती. गाठोडं बांधलं, तर ते मेलमधून जाईना.

मग डेटाबेसला लाइव्ह जोडून पाहिलं. फिल्टरला हात लावला की डेटाबेसकडे क्वेरी, म्हणजे विचारणा, निघते आणि चाक फिरू लागतं. चहा पिऊन आलो, फिरतंय. एक्स्ट्रॅक्ट (डेटाची काढून ठेवलेली प्रत) घेतला तर सगळं झटपट, पण एक्स्ट्रॅक्ट म्हणजे डेटाचा पासपोर्ट फोटो. रिफ्रेश करायला विसरलात की त्यातला माणूस तीन आठवडे त्याच शर्टात.

शेवटी आपली सीएसव्हीच (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) बरी. तिच्यात एकच खोड. ३/४ म्हणजे तीन एप्रिल, हे सॉफ्टवेअरला पटत नाही, ते चार मार्च धरतं. १३ तारखेपासून तर त्याला महिनाच सापडत नाही, म्हणून रकाना कोरा. आमचा प्रत्येक महिना १२ तारखेला संपायचा! तेव्हा दर महिन्याला मी ती फाइल आधी एक्सेलमध्ये उघडतो, काहीतरी इशारा येतो त्याला ओके म्हणतो, तारखा सरळ करतो आणि (सांगायला नकोच) कंट्रोल-एस.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "एकूण नोंदी?"

"१०,४८,५७५."

"आणि मागच्या महिन्यात?"

"१०,४८,५७५."

"वा! स्थिर कामगिरी."

शेजारचा सहकारी कानाशी कुजबुजला, "एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. एक मथळ्याची गेली. बाकीच्या नोंदी कुठे गेल्या रे?"

मी साहेबांकडे बघून हसलो आणि हलकेच कंट्रोल-एस दाबलं.