कानाच्या क्लिपवर विसंबून गोळ्या थांबवू नका

‘औषधांनी न थांबणाऱ्या फिटवर रामबाण उपाय! कानाला विजेची क्लिप लावा, महिन्यात फिट बंद, गोळ्या बंद, ऑपरेशनची गरज नाही. अमेरिकेच्या एफडीएची मान्यता.’ हा मेसेज माझ्या ताईपर्यंत पोचला आणि तिने भाच्याची सकाळची गोळी ‘बघू या’ म्हणून दिलीच नाही. आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक म्हणजे ‘गोळ्या बंद’. अपस्माराची, म्हणजे फिट येण्याच्या आजाराची, औषधं अचानक तोडली की झटके एकामागून एक येऊ शकतात, एकच झटका लांबत जाऊ शकतो. पाच मिनिटांत न थांबलेला झटका म्हणजे थेट हॉस्पिटल. त्यात जीवही जातो. ‘गोळ्या घेऊनही फिट येतातच ना?’ येतात. पण गोळ्यांनी अडवलेल्या फिट कुणाला दिसत नाहीत, म्हणून त्या मोजल्या जात नाहीत.

क्लिपमागचं शास्त्र खोटं नाही, हे मान्य करतो. व्हेगस नर्व्ह ही मेंदूपासून मानेतून छाती-पोटापर्यंत जाणारी नस; तिची एक फांदी कानाच्या पाळीच्या वरच्या खोलगट भागात येते, तिथून मेंदूपर्यंत संदेश जातो. पण ‘महिन्यात बंद’? 2016 साली जर्मन संशोधकांची चाचणी प्रसिद्ध झाली. 76 रुग्ण, रोज चार तास, वीस आठवडे. निम्म्यांना 25 हर्ट्झचा (सेकंदाला 25 स्पंदनांचा) प्रवाह, बाकीच्यांना तुलनेसाठी फक्त 1 हर्ट्झचा. पहिल्या गटात जे शेवटपर्यंत टिकले त्यांचे झटके सरासरी 34 टक्के घटले. मात्र झटके निम्म्यावर आलेले रुग्ण दोन्ही गटांत सारखेच, साधारण चौथा हिस्सा. 25 हर्ट्झ सरस असल्याचं सिद्ध झालं नाही. आणि हे सगळे रुग्ण आपल्या गोळ्या घेतच होते!

एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, अपस्मारासाठी 1997 साली मान्यता दिली ती छातीत बसवायच्या व्हेगस यंत्राला. त्यासाठी ऑपरेशन लागतं. ऑपरेशनशिवाय नुसतं मानेवर धरायच्या व्हेगस यंत्राची मान्यता डोकेदुखीसाठी आहे.

‘ऑपरेशनची गरज नाही’ हे कुणी ठरवलं? दोन योग्य औषधं नीट घेऊनही झटके थांबत नसतील, तर त्रिवेंद्रमच्या श्री चित्रासारख्या अपस्मार केंद्रात एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) करून शस्त्रक्रिया शक्य आहे का, ते आधी तपासतात. ताई, त्या तपासणीबद्दल भाच्याच्या न्यूरॉलॉजिस्टना विचार. आणि चुकलेल्या गोळीचं काय करायचं, त्यासाठी त्यांना आत्ता फोन लाव.