हौसेचं प्लस-मायनस

ऑटोमॅटिक गाडी माणूस घेतो ती गिअर टाकायची कटकट नको म्हणून. डावा पाय सुटतो, डावा हात सुटतो, सिग्नलच्या रांगेत गुडघा बोंबलत नाही. मग शोरूममधला टायवाला मुलगा हळूच सांगतो, "सर, टॉप व्हेरिएंटला पॅडल शिफ्टर येतात." आणि सुटलेली कटकट परत मिळावी म्हणून आपण वर आणखी पैसे मोजतो. हौसेला मोल नसतं म्हणतात; हप्ता असतो.

पॅडल म्हणजे स्टिअरिंगच्या मागे चिकटवलेल्या दोन पट्ट्या. उजवी प्लस, म्हणजे गिअर वाढवायला; डावी मायनस, म्हणजे उतरवायला. फॉर्म्युला वनमध्ये ही करामत पहिल्यांदा आणली फेरारीने, १९८९च्या ब्राझील ग्राँप्रीत. गिअरबॉक्स शेवटपर्यंत टिकेल अशी आशा त्यांनाही फारशी नव्हती. तो टिकला, नायजेल मॅन्सेल जिंकलाही. सैल झालं ते स्टिअरिंग, आणि भर शर्यतीत ते बदलावं लागलं.

माझी गाडी सीव्हीटी. म्हणजे आत दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा. एक-दोन-तीन असे गिअर तिच्या पोटात नाहीतच. तरी मीटरवर सातपर्यंत आकडे उमटतात, कारण पॅडल ओढलं की कॉम्प्युटर पुली ठरावीक जागी आणून धरतो. थोडक्यात, नसलेले गिअर मी अतिशय तन्मयतेने बदलत असतो. (भाच्याने इलेक्ट्रिक घेतली, तिलाही पॅडल आहेत! तिथे ती रीजन, म्हणजे गाडी हळू करताना बॅटरीत वीज परत भरणं, कमीजास्त करायला. गिअर गेले तरी पट्ट्या काही जात नाहीत.) शहरात तर डीमध्ये, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकवर, मायनस ओढलं की इंजिन एकदा गुरगुरतं, मागच्या सीटवरून "काय झालं?" असा प्रश्न येतो, आणि थोड्या वेळाने गाडी आपल्याला न विचारता पूर्वपदावर.

खरा उपयोग एकच: घाट उतरताना. लहान गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. हे मला माहीत होतं. पण कुंभार्ली घाटात शेजारी अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे माझे सासरे, जन्मभर एसटी चालवलेले. हेळवाक मागे पडलं तसे ते सरसावून बसले.

"जावईबापू, ज्या गिअरला चढायचं, त्याच गिअरला उतरायचं."

"अण्णा, चढताना गिअर गाडीनेच टाकलेत."

"मग तिला विचारा."

मी लिव्हर एसवर, म्हणजे स्पोर्ट मोडवर, ओढला आणि मायनससाठी डाव्या हाताची बोटं मागे नेली. पट्टीच्या जरा पलीकडेच वायपरची दांडी. रखरखीत उन्हात, कोरड्या काचेवर वायपर किंचाळत फिरू लागले. अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. मी पुन्हा चाचपडलो, या खेपेला पट्टी सापडली. चार, तीन. इंजिनने वरची पट्टी लावली आणि गाडी खरोखर आवरली. छाती फुगली म्हणेस्तोवर वळण आलं.

फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्यांत पॅडल स्टिअरिंगमागच्या कॉलमला पक्के असतात, स्टिअरिंग कितीही फिरवा, जागचे हलत नाहीत. आमच्यासारख्यांच्या गाडीत ते चाकाबरोबर फिरतात. त्यामुळे ऐन वळणात, स्टिअरिंग अर्धा फेरा फिरलेलं असताना, डावीकडे हाताला येतं ते प्लस. गाडीने निमूट गिअर वाढवला आणि उताराला लागली. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग सरळ केलं, मायनस दोनदा ओढलं. पहिल्यांदा आकडा उतरला, दुसऱ्यांदा नुसतं 'टुंग'. या वेगाला इतका लहान गिअर इंजिनला झेपणार नाही, असं तिचं मत पडलं. ते बरोबरच होतं. पण सासऱ्यांसमोर?

"काय म्हणते?" अण्णा.

"नाही म्हणते."

"आमचा कंडक्टर असाच होता."

पुढची वळणं मी पॅडलला हात न लावता घेतली. वळणाआधी सरळ रस्त्यावर गिअर उतरवून ठेवायचा, वळणात फक्त गाडी वळवायची. पोफळीला चहासाठी थांबलो. अण्णा उतरले, पुढच्या चाकाजवळ वाकले आणि उलटा तळहात रिमजवळ धरला. बराच वेळ धरला. मी निकालाची वाट बघत दरवाज्यात उभा.

"तापलेलं नाही फार. गाडी गुणाची आहे," ते म्हणाले. "आता तेवढे वायपर बंद करा."