पाटीवर पिवळी, फुलात जांभळी

कुंडीतली नावाची पाटी एका पिवळ्या कॅटलिया ऑर्किडची होती. कोळसा, नारळाची सोडणं, खत, गोगलगायींशी रात्रीची लढाई, सगळं करून शेवटी कळी आली. उमलली ती भडक जांभळी, आणि ओठाला, म्हणजे पुढच्या मोठ्या पाकळीला, झालर!

"छान आहे की फूल. मग चेहरा का असा?" सौ.

आता हिला काय सांगू! ऑर्किडवाल्याला नुसतं फूल पुरत नाही, कूळ लागतं. इंग्लंडात व्हीच यांच्या नर्सरीत जॉन डॉमिनी यांनी घडवलेला पहिला संकर 1856 साली फुलला, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली म्हणाले म्हणे, "तुम्ही वनस्पतिशास्त्रज्ञांना वेड लावणार!" ठाण्याच्या गॅलरीपर्यंत हे वेड पोचेल, ही कल्पना त्यांना नसावी. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या वहीत आज दीड लाखाच्या वर संकर नोंदलेले आहेत. त्यातला माझा कोणता?

तपास सुरू केला. झालर म्हणजे आजोळी-पणजोळी कुठेतरी मध्य अमेरिकेतली डिग्बियाना नावाची ऑर्किड असणार. तिला रात्री लिंबासारखा वास येतो, म्हणून मी काळोखात नाक लावून बसलो. वास आला, पण तो खालच्या मजल्यावरच्या लोणच्याचा निघाला. मग पानं. एका कंदावर एकच पान असेल तर एक घराणं, दोन असतील तर दुसरं. माझ्या झाडाने काही कंदांवर एक आणि काहींवर दोन काढून दोन्ही बाजूंनी साक्ष दिली. उरले परागपुंज, म्हणजे परागांच्या गोळ्या. कॅटलियात चार, तिच्या लेलिया या भाऊबंदात आठ. मोजायचे तर त्यांच्यावरची टोपी उचकटायची, आणि ते निघाले की फूल बहुधा लवकर मान टाकतं.

"इतक्या दिवसांनी आलेलं फूल, आणि त्याचं पोस्टमॉर्टेम?" आईने चिमटा काढला.

मोजूनही काही निष्पन्न झालं नसतं म्हणा. संकराचं नाव रूपावरून ठरत नाही, आईबापांवरून ठरतं. देशपांड्यांची चार मुलं, एक गोरं, एक सावळं, एक उंच, एक बुटकं, पण चौघंही देशपांडेच. उलट रस्त्यात भेटलेल्या जांभळ्या शर्टवाल्याला नुसतं बघून आडनाव सांगता येत नाही. त्यामुळे फोटो पाहून छातीठोक नाव सांगणारा मला थापाड्याच वाटतो. आमच्या परिचयातल्या एका जाणकार काकांनी तीन भेटींत तीन नावं सांगितली, आणि दर वेळी "शंभर टक्के!" त्यात मधल्या काळात शास्त्रज्ञांनी असल्या संकरांच्या गटाचं नावच बदलून ब्रासोलेलियोकॅटलियाची रिंकोलेलियोकॅटलिया केली. म्हणजे खरं नाव सापडलं असतं, तरी त्या एवढ्याशा पाटीवर मावलं नसतं.

शेवटी फूल मोबाइलात घेऊन नर्सरी गाठली. मालकाने फोटो पाहिला, पाटी पाहिली, आणि जराही न ओशाळता म्हणाला, "रोपं धुताना पाट्या निघतात हो. पोरं परत खोचतात."

"कुठली कुठे?"

"जिथे बिनपाटीची कुंडी दिसेल तिथे."

"मग हिचं खरं नाव?"

त्याने खण ओढला आणि पाट्यांचा गठ्ठा काउंटरवर ओतला. "यातली कुठली आवडते बघा. पैसे नकोत."

मी आ वासून उभा होतो, तोवर सौ.ने त्यातली सर्वांत सुवाच्य अक्षराची उचलून पर्समध्ये टाकलीसुद्धा.