सीबीडी बेलापूरमध्ये पायी माणसाने चालायचं तरी कुठून?

आज डोकं जाम फिरलंय म्हणून लिहितेय, लांबणार आहे, ज्याला वाचायचंय त्याने वाचा. "नवी मुंबई म्हणजे प्लॅन्ड सिटी" हे लहानपणापासून ऐकतेय, नातेवाईक सांगतात, ब्रोकर सांगतात, बिल्डरची होर्डिंग्ज सांगतात आणि आता कोणी हे बोललं ना की डोक्यात जातं. कारण त्या प्लॅन्ड सिटीचा जो मधला भाग, म्हणजे सीबीडी, सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट असं ज्याच्या नावातच आहे, तिथे मी रोज नोकरीला जाते, आणि स्टेशनातून निघून ऑफिसच्या दारापर्यंत सलग फुटपाथवरून जाता येतं असा एकही रस्ता मला आजवर सापडलेला नाही. एकही नाही.

दादरला धक्के खात चालते तेव्हा एवढा राग येत नाही. ते वाढत गेलेलं गाव आहे, जुन्या गल्ल्या, जुनी दुकानं, वरून शंभर वर्षांची गर्दी, समजू शकते. पण इथे? ९५ गावांची जमीन घेतली, ३४४ चौरस किलोमीटर, कोरा कागद होता हो समोर! १९७० मध्ये सिडको, म्हणजे शहर वसवणारी राज्य सरकारची कंपनी, स्थापन झाली ती याच कामासाठी. रस्ता कुठे, ऑफिस कुठे, स्टेशन कुठे, बाग कुठे, सगळं आधी कागदावर ठरवायची मुभा होती, जी दादरला, ठाण्याला, कल्याणला कधीच कोणाला मिळाली नाही. आणि एवढी मुभा मिळून जर चालणारा माणूस विसरला गेला असेल तर मग प्लॅन प्लॅन म्हणून काय मिरवायचं?

फुटपाथ आहेत, नाही असं नाही. पण ते कसे आहेत ते बघा एकदा. प्रत्येक बिल्डिंगच्या गेटपाशी फुटपाथ तुटतो, गाडी आत जायला उतार, मग परत फूटभर उंच पायरी, दहा पावलं चाललात की पुढच्या बिल्डिंगचं गेट, परत उतरा, परत चढा. मधेच विजेचा डीपी बॉक्स बरोब्बर मध्यभागी, त्याच्या दोन्ही बाजूंनी माणूस जात नाही. पुढे पेव्हर ब्लॉक उखडलेले, पावसाळ्यात त्यावर पाय दिला की खालचं काळं पाणी थेट सलवारवर. मग बाइका लावलेल्या, स्टॅंडवर तिरक्या, एकीला एक चिकटून. त्यानंतर झेरॉक्सवाला, चहाची टपरी, स्टॅम्प पेपर आणि अर्ज लिहून देणाऱ्यांची टेबलं. या लोकांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. सरकारी कचेऱ्यांचा भाग आहे म्हटल्यावर झेरॉक्स लागणार, चहा लागणार, टायपिंगवाला लागणार, हे कोणालाही कळतं, मग आराखड्यात त्यांना जागा का नाही ठेवली? ती ठेवली नाही म्हणून ते फुटपाथवर आले, आणि फुटपाथवरचे आम्ही रस्त्यावर, जिथे मागून बस हॉर्न मारत येते.

मागच्या महिन्यात माझा मामा आलेला चिपळूणहून. जमिनीच्या फेरफारावरून अपील चालू आहे, कोकण भवनला, म्हणजे इथल्या सरकारी कचेऱ्यांच्या मोठ्या इमारतीत, तारीख होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं, काठी घेऊन चालतो. पनवेलपर्यंत गाडीने आला, तिथून लोकलने बेलापूर, मी स्टेशनला घ्यायला गेले. रिक्षावाले एवढ्या जवळचं भाडं घेईनात, एक म्हणाला चालत जा की ताई, समोरच तर आहे. समोर आहे हे खरं! पण मधे सायन-पनवेल हायवे आहे ना, दहा पदरी. त्या फ्लायओव्हरखालून जाताना चारी बाजूंनी गाड्या वळतात, सिग्नल चालणाऱ्यासाठी थांबत नाही, झेब्रा पुसून गेलेला. मामा काठी टेकत अर्ध्यात पोचला आणि सिग्नल सुटला. मी एक हात वर करून गाड्या थांबवत होते आणि दुसऱ्या हाताने त्याला धरलेलं, एक कारवाला काच खाली करून ओरडला, "आज्जोबांना घरी बसवा की". माझ्या मामाला. जो माणूस सकाळी काळोखात घरातून निघाला, कारण त्याचं सरकारी काम इथेच होतं, दुसरीकडे कुठे होऊच शकत नव्हतं. मामा काही बोलला नाही, पलीकडे गेल्यावर कठड्याला टेकून उभा राहिला थोडा वेळ आणि मला म्हणाला, "तू रोज येतेस इथून?"

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची माणसं कोकण भवनला येतात. विभागीय आयुक्तांचं कार्यालय तिथे आहे, त्यामुळे सावंतवाडीचा माणूस असो की डहाणूचा, वरच्या अपिलाला यावं लागतं. त्यात म्हातारे असतात, पेन्शनच्या कागदांसाठी आलेले असतात, कडेवर पोरं घेतलेल्या बाया असतात. यांच्याकडे गाड्या नाहीत. हे सगळे लोकलने आणि एसटीने येणार हे प्लॅन करणाऱ्याला माहीत नव्हतं का?

आता हे असं का झालं त्याच्या मुळाशी गेलं की अजून चीड येते. मूळ कल्पना किती चांगली होती! १९६४-६५ मध्ये आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि इंजिनीअर शिरीष पटेल यांनी मांडलं की मुंबई उत्तरेला लांबत चाललीय, त्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर करा आणि राज्य सरकारची कार्यालयंच तिकडे हलवा, म्हणजे बाकीचं आपोआप मागे येईल. सरकारने शहराला हो म्हटलं आणि त्याच काळात नरिमन पॉईंटला समुद्रात भर घालून टॉवर उभे करणंही चालूच ठेवलं. मंत्रालय हललं नाही ते नाहीच. अजून एक सांगू? नवी मुंबई ज्यांनी बांधली त्या सिडकोचं स्वतःचं नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉईंटच्या निर्मल बिल्डिंगमध्ये! म्हणजे सीबीडी असं नाव दिलं आणि जे केंद्र इथे यायचं होतं ते पलीकडेच ठेवलं.

आणि रेल्वे कधी आली? १९९२ ला खाडीपूल होऊन वाशी, १९९३ ला बेलापूर. म्हणजे शहराचं काम सुरू झाल्यावर वीसेक वर्षं इथलं सगळं येणंजाणं हायवेच्या भरवशावर, आणि सगळा भाग हायवेकडे तोंड करून वाढला. स्टेशन झालं तेव्हा ते अवाढव्य बांधलं, वर ऑफिसं काढली. रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, त्यासाठी आम्ही प्रवासी तिकिटावर अधिभार भरत आलो. एवढा पैसा स्टेशनात ओतला, पण स्टेशनाच्या बाहेर पडल्यावर माणूस कुठे जाणार याचा विचार कोणी केला? पायऱ्या संपल्या की समोर रिक्षांची रांग आणि पार्किंग. बस.

सेक्टरचं तर बोलायलाच नको. प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरूळ, बेलापूर अशा प्रत्येक उपनगरात, सेक्टरचे आकडे परत पहिल्यापासून सुरू. बेलापूरला सेक्टर ११ आहे, खारघरला आहे, नेरूळला आहे, वाशीला आहे. सेक्टर १५ पण तसाच. रस्त्यांना नावं नाहीत, असली तरी कोणी वापरत नाही, पत्ता म्हणजे प्लॉट नंबर आणि सेक्टर. कुरियरवाला खारघरच्या सेक्टर १५ मध्ये उभा राहून मला फोन करतो, मॅडम खाली या. नवीन जॉईन होणारी मुलं इंटरव्ह्यूच्या दिवशी रडकुंडीला येऊन फोन करतात. आणि बेलापूरच्या आतही आकडे ओळीने लागत असते तर एक वेळ चाललं असतं. ११ च्या पलीकडे रूळ ओलांडले की १५, मधेच १५ए, तिकडे १ए, ८ए, ८बी. नकाशात रंग भरणाऱ्याला सोपं पडलं असेल, आम्हाला रोज समजावून सांगता सांगता तोंड दुखतं.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो माहितीये? याच बेलापूरमध्ये, सेक्टर ८ ला, डोंगराच्या पायथ्याला कोरियांनी आर्टिस्ट व्हिलेज केलं १९८० च्या दशकात. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर, अशी तीन अंगणं मिळून २१ घरांना अजून एक मोठी मोकळी जागा. कुठल्याही घराची भिंत दुसऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे ज्याला पुढे वाढवायचंय त्याने वाढवावं. जाऊन बघा एकदा, बरीच घरं पाडून बदललीत पण तरी गल्लीत चालताना कळतं की इथे कुणीतरी पायी माणसाचा विचार केलाय, म्हातारी बाई दारातून निघून चौकात बसली तर तिला कोणी उडवणार नाही याचा विचार केलाय. एका नोडमध्ये एका टोकाला हे जमलं. मग स्टेशनच्या टोकाला का नाही? जमत नव्हतं असं म्हणूच शकत नाही कोणी. करायचंच नव्हतं.

पावसाळ्याचं वेगळंच. इथली बरीच जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून पाणी साठवायला धारण तलाव केले, भरतीला दारं बंद, ओहोटीला पाणी खाडीत. कल्पना उत्तम. पण तलावांमध्ये गाळ साचला, खारफुटी वाढली, मग खारफुटीला हात लावायला परवानगी नाही म्हणून गाळ निघेना, आणि मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की बेलापूरच्या सखल सेक्टरमध्ये पाणी. ते पाणी गाडीवाल्याच्या टायरला लागतं, चालणाऱ्याच्या गुडघ्याला, आणि त्या पाण्याखाली उघडं चेंबर आहे की नाही हे पाय टाकल्याशिवाय कळत नाही.

संध्याकाळी तर जीव मुठीत. सहा-साडेसहाला सरकारी ऑफिसं सुटली की अर्ध्या तासात सगळं रिकामं, कारण नुसती ऑफिसंच ऑफिसं बांधलीत एका जागी, वर कोणी राहत नाही, खाली भाजीवाला नाही, मेडिकल नाही. सेक्टर १५ ला हॉटेलं आहेत म्हणून तिथे जाग असते, पण तिथे गाड्या दुहेरी लावलेल्या, त्यांच्यामधून वाट काढा. बाकी रस्त्यांवर आठ वाजता एकटी बाई चालत असेल तर समोर कोणी दिसलं तरी भीती आणि नाही दिसलं तरी भीती. आमच्या ऑफिसातल्या मुली ग्रुप करून निघतात. एकीचं काम राहिलं तर बाकीच्या थांबतात.

यावर लोक काय सांगतात, तर स्कूटी घे. अरे का घेऊ? आणि सगळ्यांनी घेतल्या म्हणूनच तर फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही ना! मेट्रो आली म्हणून सांगतात. २०११ ला काम सुरू, नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर पहिली गाडी. आली, चांगलं झालं, पण मेट्रो बेलापूरला सोडते, पुढचं तेच चालणं, तीच गेटं, तोच डीपी बॉक्स.

या जमिनीसाठी इथल्या आगरी-कोळ्यांनी काय भोगलंय ते विसरू नका. जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याला आंदोलन करणाऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन परत देण्याचं मान्य झालं. ज्यांनी भातशेती दिली त्यांच्या दिवाळ्याच्या, शहाबाजच्या बायका आज माशाची टोपली घेऊन याच वाहत्या रस्त्याच्या कडेने चालतात, त्यांनाही फुटपाथ नाही.

आणि आता विमानतळ झाला, खारघरला बीकेसीसारखं, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्ससारखं, कॉर्पोरेट पार्क करायचं चाललंय, परत नकाशे, परत काचेच्या इमारतींची चित्रं, चित्रात झाडाखाली हसत चालणारी माणसं. ती माणसं आधी बेलापूरला चालवून दाखवा. स्टेशन ते कोकण भवन, एकच रस्ता घ्या. गेटपाशी फुटपाथ खाली उतरवू नका, गाडी वर चढू दे. डीपी बॉक्स भिंतीला लावा. टपऱ्यांना स्टेशनच्या बाजूला रीतसर गाळे द्या. फ्लायओव्हरखाली चालणाऱ्यांचा वेगळा सिग्नल, आणि तो काठीवाला माणूस पलीकडे पोचेल एवढा वेळ हिरवा राहिला पाहिजे. मामाची पुढची तारीख लागलीय.