सेव्ह केलेली फ्लाइट उघडून ‘फक्त पॉज काढा’? असं करू नका

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, आपल्या पट्ट्यातल्या सिम (संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर) उडवणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. मुंबई–लंडनसारखी नऊ-दहा तासांची फ्लाइट एका बैठकीत होत नाही, आणि तेवढा वेळ सलग लाइट राहील याचीही खात्री नाही. म्हणून लोक मध्येच सेव्ह करतात. त्यांना हा मजकूर सांगतो: ‘ऑटोपायलट चालू ठेवूनच सेव्ह करा. फाइलमध्ये सगळं साठतं. दुसऱ्या दिवशी उघडा आणि फक्त पॉज काढा. विमान डगमगलं तर ऑटोपायलट एकदा बंद करून चालू करा. थ्रॉटलला हात लावू नका, ते ऑटोथ्रॉटल बघतं.’ (थ्रॉटल म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा; ऑटोथ्रॉटल तेच काम आपोआप करतं.)

पहिलं वाक्य ठीक आहे. पुढचं एकेक बघू.

‘फाइलमध्ये सगळं साठतं.’ साठतं ते मुख्यतः विमान कुठे आहे, किती उंचीवर, किती वेगात, कोणत्या दिशेला, टाकीत इंधन किती, घड्याळात वाजले किती. सिमसोबत येणाऱ्या साध्या विमानांचा ऑटोपायलट सिमच्याच यंत्रणेवर चालतो, त्यामुळे तो बऱ्याचदा जसाच्या तसा परत येतो. हा सल्ला लिहिणाऱ्याला तोच अनुभव आला असणार. पण पीएमडीजीचं बोइंग किंवा फ्लायबायवायरचं ए-320 अशी ॲडऑन विमानं, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली आणि सिममध्ये वेगळी टाकायची विमानं, आपला ऑटोपायलट, एफएमसी (मार्ग सांभाळणारा विमानातला संगणक), वीज, हायड्रॉलिक हे सगळं स्वतःच्या कोडमध्ये चालवतात. ती माहिती विमान बनवणाऱ्याने वेगळी साठवली तरच परत मिळते. पीएमडीजीने एफएसएक्स या जुन्या सिमच्या काळापासून त्यासाठी वेगळी सोय ठेवली होती. सिमची फाइल पुरली असती तर तिची गरजच नव्हती. म्हणून एकाच सिममध्ये दोन विमानं सेव्ह केली तर एक नीट उघडतं आणि दुसरं उत्तरेकडे वळायला लागतं.

ते उत्तरेकडेच का वळतं, हेही सांगतो. पॅनलवर हेडिंगचा, म्हणजे दिशेचा, आकडा दाखवणारी खिडकी रिकामी झाली की तिथे 000, म्हणजे उत्तर, येतं. अरबी समुद्रावरून वायव्येला चाललेलं विमान हेडिंग मोडमध्ये (खिडकीतली दिशा धरणाऱ्या मोडमध्ये) उघडलं, की ते इमानदारीत उत्तर धरतं. मग ग्रुपवर मेसेज पडतो, ‘भाऊ, इमान वाकडं व्हई गयं.’ विमान बिघडलेलं नसतं, दिलेला हुकूम पाळत असतं.

एलनॅव्ह (एफएमसीतल्या मार्गावर विमान नेणारा मोड) चालू असला तरी एकदा प्लॅन बघाच. मागे पडलेला वेपॉइंटच (मार्गावरचा ठरलेला बिंदू) पुढचा समजून एफएमसी विमान माघारी फिरवू शकतं. अशा वेळी खऱ्या पुढच्या वेपॉइंटला डायरेक्ट-टू, म्हणजे थेट तिकडे जायचा हुकूम, द्यायचं. तो कोणता हे आठवत नसतं, म्हणून सेव्ह करण्याआधी मोबाइलवर पॅनलचा एक फोटो काढून ठेवा: हेडिंग, उंची, माख (आवाजाच्या वेगाच्या तुलनेत वेग), पुढचा वेपॉइंट, इंधन.

‘ऑटोपायलट एकदा बंद करून चालू करा.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. ऑटोपायलट चालू करताना कोणताही मोड ठरलेला नसेल, तर तो त्या क्षणी विमान जे करत असेल तेच धरून बसतो. अनेक जेटमध्ये उभ्या दिशेला व्हर्टिकल स्पीड मोड (ठरावीक वेगाने चढणं-उतरणं) लागतो. समजा डगमगताना नाक खाली गेलं आणि विमान मिनिटाला 1,200 फुटांनी उतरत असताना तुम्ही बटण दाबलं. आता तो -1,200 हेच लक्ष्य मानतो. वर उंचीची खिडकी शून्यावर गेलेली असेल तर 35,000 फुटांवरून समुद्रापर्यंत साधारण 29 मिनिटं लागतात, आणि पंख सरळ असल्यामुळे सगळं शांत दिसतं. माणूस चहाला उठतो. त्यामुळे आधी खिडक्या भरा: हेडिंग, उंची, वेग. मग मोड दाबा. मग पीएफडीच्या (पायलटसमोरच्या मुख्य स्क्रीनच्या) वरच्या ओळीत कोणते शब्द हिरवे आहेत ते वाचा. बटणाचा दिवा लागला एवढं बघून भागत नाही.

ऑल्टीमीटरचंही (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राचंही) तसंच. क्रूझला, म्हणजे वर सरळ उडताना, त्याचा दाब 1013 हेक्टोपास्कलवर हवा. उघडताना 1003 वर आला, तर एका हेक्टोपास्कलला ढोबळ 30 फूट धरून सुमारे 300 फुटांचा फरक पडतो आणि विमान विनाकारण तेवढं वर चढतं.

‘थ्रॉटलला हात लावू नका.’ टेबलावरचा थ्रॉटल काल रात्रीपासून मागे ओढलेला असेल, तर सिम पॉज काढताच तेच वाचू शकतं. एअरबसमध्ये लिव्हर आयडलला (पूर्ण मागे) आले की ऑटोथ्रस्ट (एअरबसचं ऑटोथ्रॉटल) सुटतो. 35,000 फुटांवर स्टॉल (वेग कमी पडून पंखांची उचल जाणं) आणि ओव्हरस्पीड (मर्यादेपेक्षा जास्त वेग) यांच्यात जागाच थोडी असते, वेग घसरायला वेळ लागत नाही. पॉज असतानाच लिव्हर जागेवर न्या. एअरबसला सीएल (क्लाइंब) खाचेत.

भुसावळला गाडीचा लोको पायलट बदलतो, तेव्हा नवा माणूस आधीच्याकडून माहिती घेतो, ब्रेक बघतो, मग गाडी हलवतो. आपण सेव्ह फाइल उघडतो तेव्हा आपणच तो नवा माणूस असतो. धुळ्याला, शिरपूरला शिकाऊ विमानं उडताना बघून इकडची कितीतरी पोरं सिमकडे वळतात. काहींना खरंच पायलट व्हायचंय. मोड न वाचता बटण दाबायची सवय त्यांच्या हाताला लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

सल्ल्यात नसलेली एक गोष्ट राहिली. लाइव्ह वेदर चालू असेल तर कालचा वारा आज नसतो. काल समोरून 80 नॉट होता आणि आज 20 असेल, तर उघडताच एअरस्पीड एकदम पडलेला दिसू शकतो. तेव्हा घाबरून नाक खाली घालू नका. ऑटोथ्रॉटलला वेग सावरू द्या, दोन मिनिटं नुसतं बघा. त्यानंतर सिम रेट (सिममधल्या वेळेचा वेग) चारपट करायचा असेल तर करा, पण पुढच्या वळणाआधी परत एकवर आणा.