काळे ठिपके म्हणजे करपलेला पिझ्झा नव्हे

पिझ्झेरियावरच्या (पिझ्झाच्या हॉटेलावरच्या) तुमच्या लेखात तिथल्या जुन्या खुर्च्या, पिवळे दिवे, निवांतपणा सगळं मस्त लिहिलंय, पण पिझ्झा मधे ओलसर आणि कडेला करपलेला होता ही तक्रार वाचून राहवलं नाही. अहो इटलीतल्या नापोलीचा पिझ्झा असाच असतो! लाकडाच्या भट्टीत ४३० ते ४८० अंश सेल्सिअसवर फक्त ६० ते ९० सेकंद भाजतात, त्यामुळे कडा फुगते, तिच्यावर काळे ठिपके पडतात आणि मधला भाग मऊ राहतो, तिथे लोक काटा-सुरीने खातात नाहीतर चौघडी घालून. २०१७ साली युनेस्कोने पिझ्झा बनवायची ही कला वारसा यादीत घेतली ती उगाच नाही.

आमच्या गोव्यातल्या पर्वरीतही घराजवळ असंच एक छोटं ठिकाण आहे, मागच्या महिन्यात आईला घेऊन गेलो, तिने कडेचा तुकडा मोडला, नाकाशी धरला आणि म्हणाली, अरे हा तर आपल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीचा वास! खरंच, पूर्वी पाव सूर (माडाची ताडी) घालून फुगवायचे, इथे यीस्ट, पण पीठ निवांत आंबू द्यायचं हे दोन्हीकडे सारखंच, आणि घाई केली की चव जाते.

परत गेलात तर नुसता मार्गेरिता मागवा, टोमॅटो, मोझ्झारेला, तुळशीसारखी ती बेझिलची पानं, बस्स. आणि पार्सल नको हां, डब्यात वाफ धरते आणि कडा चिवट होते.