गंज पाण्याने चढतो? फिरत्या मेसेजमधले पाच दावे

गंजाबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लोखंड पाण्यामुळे गंजतं, गंज काढायला लिंबू-मीठ पुरेसं, स्टेनलेस स्टील कधीच गंजत नाही, जस्ताच्या मुलाम्यावर ओरखडा पडला की पत्रा वाया गेला आणि गंजावर रंग मारला की तो तिथेच थांबतो. पाचांतलं एकही वाक्य धड नाही.

आधी पाणी. पाणी उकळून त्यातली हवा घालवा, त्यात खिळा टाका आणि वर तेलाचा थर द्या. खिळा चकचकीत राहतो. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. उघड्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मध्यभागी ती कमी पडते. मधलं लोखंड विरघळतं, त्याचे इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेतो. विरघळलेलं लोखंड बाहेर सरकत येतं आणि वाटेत गंजाचं कडं बनतं. एवढ्याशा थेंबाखाली चक्क विद्युतघट चालू असतो! म्हणूनच गंज जिथे दिसतो तिथेच धातू खाल्ला जातोय असं समजू नये. वॉशरखाली, साचलेल्या चिखलाखाली, जिथे हवा कमी तिथे खड्डे पडतात. आणि 'भिजू दिलं नाही की झालं' हेही खरं नाही. सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की डोळ्यांना न दिसणारी ओलही पुरते.

मीठ याच घटाला जोर देतं, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. लिंबातलं आम्ल गंज विरघळवतं, हे कबूल. पण घासून झाल्यावर मीठ खाचांत राहिलं तर गंज पहिल्यापेक्षा लवकर परततो. लिंबू वापरा, मीठ कशाला? नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर धातूला झाकतो आणि खरवडला तरी हवेत पुन्हा जमतो. मिठातले क्लोराइड मात्र तो थर फोडतात आणि फटीत हवा नसली की तो पुन्हा जमतही नाही. समुद्राकाठी स्टेनलेसचा '316' नावाचा प्रकार घेतात तो त्यातल्या मॉलिब्डेनम या धातूसाठी. तोही अमर नव्हे.

ओरखड्याच्या बाबतीत मेसेजने गोष्ट बरोब्बर उलटी केली आहे. जस्त लोखंडाच्या आधी झिजतं, त्यामुळे लहानसा ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त उघड्या लोखंडाला सांभाळतं. कथिलाच्या मुलाम्याला हे जमत नाही. तिथे ओरखडा पडला की लोखंडच आधी झिजतं आणि उघड्यापेक्षाही लवकर सडतं. एक धातू झिजू देऊन दुसरा वाचवायची ही युक्ती जुनी आहे. 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडायला सुचवलं. तांबं वाचलं, पण समुद्री जीवांना दूर ठेवायचं ते विरघळणारं तांबंच. ते विरघळेनासं झाल्यावर हे जीव बिनधास्त तळाला चिकटू लागले आणि जहाजांचा वेग मंदावला. इलाज रसायनशास्त्रात पास, दर्यात नापास.

राहिला रंग. गंज सच्छिद्र असतो, ओल आणि क्षार धरून ठेवतो. मूळ लोखंडापेक्षा जागाही कितीतरी जास्त घेतो. वरून रंग चोपडला तर आतलं काम सुरूच राहतं आणि काही दिवसांनी रंगाला फोड येतात. सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने जमेल तितका उघड्या धातूपर्यंत काढावा, धुऊन पूर्ण वाळवावं आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा. धारदार कडा, वेल्डिंगचे सांधे आणि बोल्टची डोकी इथे रंग पातळ बसतो. त्यांच्यावर ब्रशने आधी एक जादा हात द्यावा, मग सगळीकडे.